पत्र्यावर उमटलेलं आकाश

दसऱ्याच्या सकाळी चिंचवडमधल्या एका मोटारींच्या शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते. मुहूर्त साधायचा असतो. त्यामुळे एकामागून एक गाड्या डिलिव्हरीच्या जागेवर येतात, वरचं लाल कापड ओढलं जातं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक उमटतं, ग्रिलला झेंडूचा हार लागतो, चाकाखाली लिंबू सरकतं. मग सगळं कुटुंब गाडीपुढे उभं राहतं, पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली हातात येते आणि सेल्समन मोबाइल उंचावतो. "काका, थोडं मध्ये सरका. वहिनी, किल्ली वर धरा." तीन-चार फोटो, पेढा आणि पुढची गाडी.

तो फोटो घरी गेल्यावर नीट पाहिला तर त्यात काय दिसतं? बॉनेट फुगलेलं आणि डिकी आक्रसलेली. समोरच्या काचेवर छतावरच्या दिव्यांच्या रांगा. दारावर कर्जाच्या योजनेचा फलक उलट्या अक्षरांत. घराखालोखाल सर्वात मोठी खरेदी, पाच-सात वर्षांचे हप्ते, आणि आठवण म्हणून हाती आलेल्या फोटोत गाडीचा मूळ रंगही कळत नाही.

त्याच गर्दीत एक तरुण काम करत होता. शोरूमला आणि जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना फोटो काढून देणं हा त्याचा व्यवसाय. कॅमेरा गळ्यात होता, पण बराच वेळ त्याने तो डोळ्याला लावलाच नाही. गाडीभोवती एक फेरी मारली, दारापाशी उकिडवा बसला, मान तिरकी करून पत्र्याकडे पाहिलं, उठला, दोन पावलं सरकला, पुन्हा बसला. मग ड्रायव्हरला म्हणाला, "दादा, गाडी बाहेर घ्या. त्या भिंतीच्या सावलीत." बाहेर त्याचं काम पाच मिनिटांत उरकलं. फरक पडला तो त्या आधीच्या फेरीमुळे, आणि नवशिक्याने सर्वात आधी शिकायची गोष्टही तीच आहे.

पत्रा आरशासारखा वागतो

गाडीच्या रंगावर पारदर्शक क्लिअर कोटचा थर असतो. नव्या गाडीवर तो इतका गुळगुळीत असतो की समोरचं सगळं त्यात उमटतं. माणसाचा फोटो काढताना आपण चेहरा पाहतो. गाडीचा काढताना पत्र्यावर पडलेलं आकाश, झाडं, इमारती आणि स्वतः फोटो काढणारा, एवढं सगळं कॅमेऱ्यात जातं. फक्त डोळ्याला ते जाणवत नाही, कारण मेंदू प्रतिबिंबं बाजूला सारून 'ही लाल गाडी' एवढंच सांगतो. कॅमेरा काहीच बाजूला सारत नाही.

म्हणून पत्रा वाचायला शिकावं लागतं. टप आणि बॉनेट आडवे असतात, ते आकाश दाखवतात. दारं उभी पण बाहेर फुगलेली असतात. त्यांच्या वरच्या भागात आकाश उमटतं, खालच्या भागात जमीन, आणि या दोघांच्या मध्ये क्षितिजाची रेषा गाडीच्या अंगावरून पुढून मागे धावते. गाडी मोकळ्या माळावर उभी असेल तर ही रेषा एकसलग येते आणि डिझायनरने पत्र्याला दिलेला बाक स्पष्ट दिसतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तीच रेषा स्कूटर, खांब आणि तुळशीच्या कुंड्यांनी तुटक होते. पत्र्याला पोचा नसतानाही फोटोत तो चेंबल्यासारखा वाटतो.

मोटार कंपन्यांच्या जाहिरातींचे स्टुडिओ याच गोष्टीवर खर्च करतात. गाडीच्या डोक्यावर गाडीहूनही मोठा पांढरा पडदा टांगतात आणि त्यावर प्रकाश सोडतात. पत्र्यात त्या पडद्याखेरीज काही उमटत नाही आणि टपापासून बॉनेटपर्यंत प्रकाशाचा एकच मऊ पट्टा वाहतो. नवशिक्याजवळ असा पडदा नसतो, पण इमारतीची सावली असते. उंच इमारतीच्या सावलीत, समोर मोकळं आकाश ठेवून गाडी उभी केली की जवळपास तसाच सलग उजेड फुकट मिळतो. मॉलच्या वरच्या मजल्यावरची उघडी पार्किंग, गावाबाहेरचं क्रीडांगण, रविवारचा रिकामा औद्योगिक रस्ता या जागा म्हणूनच कामाच्या. तिथेही परवानगी विचारून घेतलेली बरी. सुरक्षारक्षक मध्येच येऊन हटकतो तेव्हा उजेडही निघून चाललेला असतो. आणि कपडे गडद घालावेत. भडक टी-शर्ट दारात हमखास दिसतो.

पोलरायझर नावाचा फिरता फिल्टर इथे मदतीला येतो. काच किंवा रंगाच्या थरावरून ठराविक तिरक्या कोनात परावर्तित होणारा प्रकाश एका दिशेने ध्रुवित झालेला असतो, आणि हा फिल्टर नेमका तो अडवतो. काचेसाठी हा कोन पृष्ठभागाच्या लंबापासून सुमारे ५६ अंश असतो. फिल्टर हळूहळू फिरवला की समोरच्या काचेवरचं आकाश विरतं आणि आतली सीटं दिसू लागतात. पण गाडीच्या सगळ्या बाजू एकाच कोनात नसतात. काच साफ झाली तर दारावरची चमक राहते, दार साफ केलं तर काच पुन्हा भरते. व्यावसायिक म्हणूनच फिल्टर वेगवेगळ्या कोनांत ठेवून दोन-तीन फोटो घेतात आणि नंतर जोडतात. क्रोमवर या फिल्टरचा परिणाम होत नाही, कारण धातूवरून परतणारा प्रकाश तसा ध्रुवित होत नाही. शिवाय फिल्टर एक ते दोन स्टॉप उजेड खातो, त्यामुळे संध्याकाळी हात स्थिर हवा.

एक गंमत मात्र पाहण्यासारखी आहे. पोलरायझरमधून मागच्या काचेकडे पाहिलं तर तिच्यावर गडद ठिपक्यांची नक्षी दिसू शकते. तो डाग नसतो. बाजूच्या आणि मागच्या काचा सहसा तापवून झटकन थंड केलेल्या, म्हणजे टेम्पर्ड असतात. त्या प्रक्रियेत काचेत अडकलेला ताण ध्रुवित प्रकाशात असा उघड होतो. फिल्टर विकत घेण्याआधी पोलराइज्ड गॉगल लावून, मान तिरकी करत गाडीभोवती फिरून पाहावं. निम्मा धडा तिथेच होतो.

आपल्याकडचा सोनेरी प्रहर लहान असतो

परदेशी शिकवण्यांमध्ये सूर्यास्ताच्या आसपासचा तासभर मऊ उजेड गृहीत धरलेला असतो. तो सल्ला महाराष्ट्रात जसाच्या तसा लागू पडत नाही. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. इथे सूर्य क्षितिजाकडे बराच सरळ उतरतो. मावळल्यानंतर बावीस-चोवीस मिनिटांत कामापुरता संधिप्रकाश संपतो. लंडनमध्ये जूनच्या संध्याकाळी तो पाऊण तासाहून जास्त रेंगाळतो. त्यामुळे आपल्याकडे गाडी आधी धुऊन, जागा आधी ठरवून, गाडीचं तोंड आधीच वळवून ठेवावं लागतं. दिवाळीच्या दिवसांत पुण्यात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. साडेपाचला जागा शोधायला निघालेल्याच्या हाती काही लागत नाही.

सूर्य मावळल्यानंतरची पहिली पंधरा मिनिटं गाडीसाठी सर्वात चांगली. आकाशच मोठा दिवा होतं, पत्र्यावर सावलीची कडा उरत नाही, आणि पार्किंग लाइट लावले तर त्यांचा उजेड आकाशाच्या उजेडाशी जुळतो. हेडलाइट मात्र बंद ठेवावेत. ते फोटोत नुसते पांढरे गोळे होतात.

दुपारच्या उन्हात फोटो काढूच नये असं नाही, पण ते ऊन गाडी किती निगुतीने पुसली आहे हे लगेच सांगतं. कोरड्या फडक्याने धूळ झटकली की धुळीचे कण रंगावर बारीक ओरखडे पाडतात, आणि थेट उन्हात ते कोळ्याच्या जाळ्यासारखे गोलाकार चमकतात. आधी पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यायची, मग मायक्रोफायबरचं फडकं. चाकांच्या आतली वाळलेली माती, नंबरप्लेटवरचे किडे, काचेवरचं जुनं स्टिकर हे सगळं आधीच काढायचं. संगणकावर ते पुसायला तास जातो.

पावसाळ्याची तर आपल्याला देणगीच आहे. चित्रपटांच्या सेटवर रात्रीचा रस्ता चमकावा म्हणून टँकरने भिजवतात. ताम्हिणीत किंवा माळशेजला जुलैमध्ये तो आपोआप भिजलेला असतो. ओला डांबरी रस्ता गाडीचे दिवे परत उजळतो, धुकं मागचे खांब आणि टपऱ्या गिळून टाकतं. मात्र घाटाच्या वळणावर गाडी थांबवून रस्त्यात उतरणं जिवावर बेतू शकतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि वांद्रे-वरळी सागरी सेतूवर तर फोटोसाठी थांबायला मनाईच आहे. कासच्या पठारावर फुलांत गाडी नेऊन काढलेले फोटो अधूनमधून फिरतात. तसा फोटो कितीही देखणा असला तरी त्या चाकांखाली वर्षातून काही आठवडेच फुलणारी झाडं चिरडलेली असतात.

दोन पावलं मागे, एक गुडघा खाली

मोबाइलचा मुख्य कॅमेरा बराच रुंद पाहतो. पूर्ण फ्रेमच्या हिशेबात साधारण २४ ते २६ मिलिमीटर. गाडी चौकटीत मावते म्हणून माणूस जवळ उभा राहतो आणि तिथेच गाडीचा आकार बिघडतो. हिशेब सोपा आहे. चार मीटर लांबीच्या गाडीच्या नाकापासून दीड मीटरवर उभं राहिलं तर शेपूट साडेपाच मीटरवर असते, म्हणजे पावणेचार पट दूर. पुढचा दिवा परातीएवढा आणि मागचं चाक बशीएवढं दिसणारच. आठ मीटर मागे गेलं तर हे प्रमाण दीडपटीवर येतं. तिथून दुप्पट किंवा तिप्पट झूमची वेगळी लेन्स वापरावी. गाडी रस्त्यावर दिसते तशीच दिसते.

उंचीचंही तसंच आहे. उभ्या माणसाच्या डोळ्यांतून टप जास्त दिसतो आणि गाडी बसकी वाटते. गुडघा टेकून कॅमेरा हेडलाइटच्या पातळीवर आणला की तिला वजन येतं. पुढच्या कोपऱ्यातून, समोर आणि बाजू दोन्ही दिसतील असा फोटो घेताना चाकं किंचित वळवून ठेवायची. कोणत्या बाजूला, हा प्रश्न पडतो. अलॉयचा चेहरा कॅमेऱ्याकडे यावा आणि टायरची नक्षी दुसरीकडे जावी, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

मग मागे काय आहे ते पाहायचं. टपातून उगवलेला विजेचा खांब, आरशाला चिकटलेला दुसऱ्या गाडीचा बंपर, बॉनेटवरून जाणाऱ्या केबल. कॅमेरा एक पाऊल सरकवला की यातलं बरंच नाहीसं होतं. मागचं सगळं पुसून टाकायलाच हवं असंही नाही. छायाचित्रकार रघुबीर सिंग (१९४२–१९९९) यांचं अखेरचं मोठं काम अ‍ॅम्बॅसॅडर गाडीवर होतं आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर, २००२ मध्ये पुस्तकरूपाने आलं. त्यांनी गाडीचे देखणे एकटे फोटो काढले नाहीत. उघडं दार, काच, आरसा यांच्या चौकटींतून त्यांनी देश पाहिला. चकचकीत फोटोंचं अनुकरण करत बसलेल्या नवशिक्याने ते काम जरूर पाहावं. गाडी म्हणजे कुणाचं तरी दार, कुणाचा तरी रस्ता, हे त्या फोटोंतून कळतं आणि मग आपल्या आळीतली जुनी जीपही फोटोचा विषय वाटू लागते.

काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा धडा

मुंबईतली प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली. तिचे फोटो ज्यांनी काढले त्यांना एक्स्पोजर म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागलं नाही. खालचं अंग काळं, टप पिवळा. कॅमेरा समोरचं दृश्य सरासरी राखाडी आहे असं धरून चालतो. चौकट काळ्या पत्र्याने भरली तर तो उजेड वाढवतो, काळं अंग करडं होतं आणि पिवळा टप फिका पडून उडतो. पांढऱ्या गाडीवर नेमकं उलट होतं. कॅमेरा उजेड कमी करतो आणि नवीकोरी पांढरी गाडी मळकी दिसते. आपल्या रस्त्यांवर पांढऱ्या गाड्यांचाच भरणा असल्याने ही चूक घरोघरी सापडते.

उपाय साधा आहे. मोबाइलवर गाडीला बोट लावून फोकस धरायचा आणि शेजारच्या सूर्याच्या खुणेने उजेड हाताने ठरवायचा: काळ्या गाडीला थोडा खाली, पांढऱ्या गाडीला थोडा वर. मात्र पांढऱ्या पत्र्यावरच्या कडा दिसेनाशा होऊ लागल्या की थांबायचं. उडून गेलेलं पांढरं नंतर परत आणता येत नाही. गडद राहिलेला भाग बराचसा आणता येतो.

रात्री फ्लॅश वापरणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. आताच्या सुरक्षा नंबरप्लेटचा पृष्ठभाग आलेला प्रकाश आल्या दिशेनेच परत पाठवतो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश उडाला की गाडी अंधारात राहते आणि प्लेट तेवढी लखलखते. फ्लॅश बंद ठेवून कॅमेरा तिकाटण्यावर टेकवणं बरं.

चाक फिरताना दिसलं पाहिजे

धावत्या गाडीचा फोटो काढताना बहुतेक जण शटर जास्तीत जास्त वेगवान करतात. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या छोट्या गाडीचं चाक सेकंदाला जवळपास सहा वेळा फिरतं. १/१००० सेकंदात ते जेमतेम दोन अंश वळतं, म्हणजे फोटोत थांबलेलंच असतं, आणि गाडी रस्त्याच्या मध्यभागी उभी केल्यासारखी दिसते. १/६० सेकंदात ते पस्तीसेक अंश वळतं. १/३० ला पाच काड्यांच्या अलॉयची एक काडी जवळजवळ पुढच्या काडीच्या जागी पोहोचते आणि चाकाचं वर्तुळ धूसर होतं.

पण शटर मंद केलं की गाडीही हलते. म्हणून कॅमेरा तिच्याबरोबर फिरवायचा. गाडी अगदी समोर जिथे येणार तिकडे पाय रोवायचे, कमरेतून वळून ती लांब असतानाच चौकटीत धरायची, तिच्या वेगाने वळत राहायचं, समोर आली की बटण दाबायचं आणि दाबल्यावरही वळणं थांबवायचं नाही. सराव १/१२५ ने सुरू करून हळूहळू १/३० पर्यंत उतरावं. दहातले नऊ फोटो वाया जातात आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. मोबाइलवर भर उन्हात हे जमत नाही, कारण बहुतेक मोबाइलच्या लेन्सचं छिद्र लहान करता येत नाही. संध्याकाळची वेळ आणि प्रो मोड लागतो.

मुंबईत सरावाला मरीन ड्राइव्हसारखी जागा नाही. समुद्राच्या बाजूच्या रुंद पदपथावर उभं राहिलं की संध्याकाळचं ऊन पाठीमागून येऊन थेट गाड्यांवर पडतं. चौपाटीकडे जाणाऱ्या गाड्या उजवीकडून डावीकडे सलग येत राहतात, आणि मागे आर्ट डेको इमारतींची रांग असते, जी कॅमेरा फिरला की आडव्या रंगीत पट्ट्यांत वितळते. रस्त्यावर उतरावंच लागत नाही. चालत्या गाडीच्या खिडकीतून किंवा उघड्या डिकीतून अंग बाहेर काढून शेजारच्या गाडीचे फोटो घेण्याची जी टूम आहे, ती मात्र कुणीही उचलू नये. तसे व्यावसायिक फोटो बंद रस्त्यावर, दोरखंडांनी बांधून घेऊन काढतात. गाडीला लांब दांडी जोडून तिच्या टोकाला कॅमेरा बसवण्याची पद्धतही आहे. त्यात गाडी माणसाने चालावं इतक्या सावकाश ढकलतात, शटर एक-दोन सेकंद उघडं ठेवतात आणि दांडी नंतर पुसतात. फोटोत ताशी शंभर वाटणारा वेग बरेचदा असा असतो.

वेगाचा सर्वात गाजलेला फोटो तर तंत्राच्या मर्यादेतूनच जन्मला. एकोणीस वर्षांच्या जाक आंरी लार्तिग या फ्रेंच मुलाने १९१३ च्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये धावत्या मोटारीबरोबर कॅमेरा फिरवला. त्याच्या कॅमेऱ्यातल्या शटरची फट काचेच्या प्लेटवरून सरकत एकेक पट्टा उजळायची, म्हणजे चाकाचा खालचा आणि वरचा भाग वेगवेगळ्या क्षणी नोंदला गेला. चाक पुढे झुकलेल्या अंड्यासारखं आलं. कॅमेरा गाडीपेक्षा हळू फिरला, त्यामुळे कडेचे प्रेक्षक उलट्या बाजूला कलले. गाडीही अर्धीच चौकटीत आली. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझिअम ऑफ मॉडर्न आर्टने लार्तिगच्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं आणि त्याचं नाव जगभर झालं. वेग म्हणजे काय हे त्या वाकड्या चाकाइतकं कुणीच सांगितलेलं नाही.

जेवणाच्या टेबलावरचा रस्ता

ज्याच्याकडे गाडीच नाही त्याने काय करावं? मुलांच्या खेळण्यांतली धातूची गाडी घ्यावी. तिचाही पत्रा चमकतो, त्याच प्रतिबिंबांशी झगडावं लागतं, आणि ती उजेडात आणण्यासाठी ड्रायव्हर लागत नाही. अमेरिकेतल्या मायकल पॉल स्मिथ यांनी १:२४ प्रमाणातल्या गाड्यांमधून 'एल्जिन पार्क' नावाचं आख्खं गाव उभं केलं. साडेचार मीटरची गाडी या प्रमाणात एकोणीस सेंटिमीटरची होते. छोट्या गाड्या आणि घरं टेबलावर मांडून ते टेबल खऱ्या रस्त्याकडेला न्यायचं, मागची खरी झाडं-घरं मापात जुळतील इतकं पुढेमागे सरकवायचं आणि साध्या छोट्या कॅमेऱ्याने फोटो घ्यायचा, एवढीच त्यांची सामग्री. पाहणाऱ्याला ती खरी पन्नाशीच्या दशकातली गल्ली वाटते. युक्ती उंचीत आहे; कॅमेरा त्या चिमुकल्या गल्लीत उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्याइतका खाली हवा.

याच टेबलावर प्रकाशाने रंगवण्याचा सराव होतो. खोलीत अंधार करायचा, कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून शटर दहा सेकंद उघडायचं आणि त्या वेळात मोबाइलच्या टॉर्चवर पातळ कागद धरून तो गाडीच्या वरून, टपाच्या रेषेने सावकाश न्यायचा. पत्र्यावर प्रकाशाची एक अखंड ओळ उमटते. मोठ्या गाडीसाठी कृती हीच. लोडशेडिंगसाठी घेतलेली चार्जिंगची एलईडी नळी, गावाबाहेरची अंधारी जागा, आयएसओ १००, छिद्र एफ/८ च्या आसपास, शटर वीस ते तीस सेकंद. गडद कपडे घालून चालत राहणारा माणूस फोटोत येत नाही. टप, बाजू, चाकं यांसाठी वेगळे फोटो घेऊन नंतर एकावर एक ठेवले की काम सोपं होतं.

विकायच्या गाडीचे फोटो

नवशिक्याचं पहिलं कमाईचं काम बहुधा जुन्या गाड्यांचं असतं. इथे देखणेपणाच्या आधी विश्वास लागतो. पुढचे दोन कोपरे, मागचे दोन, दोन्ही बाजू, डॅशबोर्ड, मागची सीट, डिकी, इंजिन, चारही टायरची नक्षी, एवढे फोटो एकाच उजेडात आणि एकाच उंचीवरून हवेत, म्हणजे पाहणाऱ्याला गाडीभोवती चालल्यासारखं वाटतं. ओडोमीटरचा फोटो इग्निशन सुरू करून घ्यायचा. शटर फार वेगवान असेल तर एलईडीचे आकडे अर्धवट किंवा पट्ट्यापट्ट्यांत येतात, म्हणून ते मंद ठेवायचं. मोटार बाजारात नंबरप्लेट झाकायची की नाही हे मालकाला विचारावं.

ओरखडे लपवायचे नाहीत. पोचा दिसायला हवा असेल तर उजेड बाजूने, पत्र्याला घासून जाईल असा घ्यायचा. समोरून घेतला तर तो दिसतच नाही. शेजारी एक नाणं धरलं की आकार कळतो. आणि पाऊस पडून गेल्यावर लगेच फोटो काढायला कुणी बोलावलं तर थांबायला सांगावं, कारण ओल्या पत्र्यावर ओरखडे दिसत नाहीत, आणि प्रत्यक्ष पाहायला आलेलं गिऱ्हाईक पहिला हात तिथूनच फिरवतं.